हिरव्या देठाची भुईआवळी

मामा औषध देण्याआधी परीक्षा घ्यायचे आणि बहुतेकांना पहिल्या खेपेला नापास करायचे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कॉलेजातल्या सगळ्याच शिपायांना मामा म्हणतात, तसे तेही मामा. आठवडाभर ते आमच्यासारख्या पोरापोरींच्या सूक्ष्मदर्शकांच्या काचा पुसायचे. रविवारी सकाळी मात्र कालव्याकाठच्या कर्मचाऱ्यांच्या चाळीत त्यांच्या खोलीपुढे माणसं बसलेली असायची. विंचूरच्या कांदा बाजारातला हमाल, वणीला नारळ-प्रसाद विकणारी बाई, पेठकडून पहिल्या एसटीने आलेला एखादा शेतकरी. सगळ्यांचं दुखणं एकच. कावीळ होऊन गेली होती, पण तिचा विषाणू रक्तातून जात नव्हता. डॉक्टरांच्या कागदावर त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ म्हणत. लोक नुसतं म्हणत, “मला ऑस्ट्रेलिया निघाली.”

मामा फरशीवर तीन रोपं मांडायचे. एक चिंचेचं कोवळं रोप, एक लाल देठाची भुईआवळी आणि एक हिरव्या देठाची भुईआवळी. तिन्हींची पानं एका नजरेत सारखीच दिसतात. मामांचं औषध म्हणजे हिरव्या देठाची. ती ज्याने उचलली तो पास.

“ओळख, विद्यार्थी.” सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही ते विद्यार्थीच म्हणायचे.

“मामा, तुम्हीच द्या ना उचलून. आम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“उद्या मी मेलो तर कोणाकडं जाशील? तो बाजारातला चूर्णाचा डबीवाला तुला गवत कुटून देईल, ते खाशील? पुढच्या रविवारी ये.”

विंचूरचा हमाल चार रविवार नापास झाला. पाचव्या रविवारी त्याने हिरवं देठ उचललं, तेव्हा मामांनी त्याला पेढा भरवला. हमाल म्हणाला, “मामा, शाळेत असताना कोणी असा पेढा भरवला असता, तर आज मी गोण्या उचलल्या नसत्या.”

फी म्हणून मामा रद्दी घेत. जुनी वर्तमानपत्रं, वह्या, काहीही. रोपं दाबून वाळवायला त्यांना कागद लागायचा. वाळलेलं रोप ते जाड कागदावर चिकटवत, आणि त्याच कागदावर शेजारी त्या माणसाच्या रक्ताच्या रिपोर्टची प्रत. खाली प्रयोगशाळेत लावतात तशी चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, संकलक. रिपोर्टशिवाय माणसाला ते दारातूनच परत पाठवत. “झाडाला काय विचारतो? रिपोर्टला विचार,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी आणि त्यांची खरी ओळख भांडणातून झाली.

माझे बाबा रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवून पानं उभी करायची, हा त्यांचा धंदा. दिवसा ते लग्नपत्रिका जुळवायचे आणि संध्याकाळी आमच्या अंधश्रद्धाविरोधी चळवळीची पत्रकं, तीही फुकट. बुवाबाजीविरुद्ध, अंगात येण्याविरुद्ध, गंडेदोऱ्यांविरुद्ध. मी अक्षरओळख शिकले ती पत्रकांच्या कच्च्या प्रतींवर. अंकलिपीच्या आधी मला ‘सावधान’ हा शब्द वाचता येत होता. अकरावीत मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं, ‘काविळीच्या नावाने चाललेली लूट’. शंभर प्रती घेऊन एका रविवारी सरळ मामांच्या दारात गेले आणि रांगेतल्या लोकांना वाटायला लागले. माझ्याच कॉलेजातला माणूस असला म्हणून काय झालं?

मामांनी एक प्रत मागून घेतली. चष्म्याची एक दांडी दोऱ्याची होती, तो दोरा कानाला गुंडाळून त्यांनी पत्रक उभ्या उभ्या वाचलं. पुढून, मागून, अगदी मुद्रकाच्या नावापर्यंत.

“शुद्धलेखन चांगलं हाय,” ते म्हणाले. “माहिती कमी हाय.”

“काय कमी आहे?” मी तडकलेच.

“काविळीची माळ. गळ्यात घालतात, आणि कावीळ उतरंल तशी ती लांब होत जाते. ती कशी लांब होते, ते कुठं लिहिलंय?”

मला ते माहीत नव्हतं. मी लिहिलं होतं, ‘हा निव्वळ भ्रम आहे.’

मामांनी अंगणातल्या घेटुळीच्या वेलाची एक ओली काडी तोडली. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, एकेका तुकड्याभोवती दोऱ्याचा घट्ट फास टाकत माळ केली आणि ती दारामागच्या खिळ्याला अडकवली. “दोन दिवसांनी ये बघायला.”

दोन दिवसांनी माळ वीतभर खाली आली होती. काड्या सुकून बारीक झाल्या होत्या, फास सैल पडून दोरा सुटत गेला होता.

“खिळ्याला कावीळ झाली व्हती,” मामा गंभीरपणे म्हणाले. “उतरली.”

मी हसले नाही. तेव्हा मी फारशी हसतच नसे. पण वहीत सगळं उतरवून घेतलं. मामा सांगत होते, “माझी आत्या द्यायची असली माळ, पेठच्या वरच्या अंगाला. लय नाव होतं तिचं. दहातल्या नऊ जणांची कावीळ आपली आपण उतरते गं. ती माणसं आत्याच्या पाया पडायची. दहावा मरायचा. मेलेला माणूस कुठं तक्रार करायला येतो?”

आमच्या चळवळीच्या वक्त्यांपैकी कुणीही हे इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. पत्रकाची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात माळेची आकृती होती. उरलेल्या पहिल्या आवृत्तीचं काय करायचं, हा प्रश्न मामांनी सोडवला. तो कागद शाई चांगली टिपतो, म्हणून रोपांचं पाणीही टिपेल, असं म्हणत त्यांनी गठ्ठा उचलला. ‘झाडपाल्याच्या भोंदूंपासून सावधान’ या ओळीवर भुईआवळी दाबून वाळत पडलेली मी पुढे कितीतरी वर्षं पाहत होते. तेव्हापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. “काय गं, पत्रक!” एवढंच.

“मग तुम्ही तरी का देता?” मी एकदा त्यांना कोंडीत पकडलं. “भुईआवळीने विषाणू जातो, असं सिद्ध झालंय का?”

“नाय.”

“मग?”

मामा फरशी धूत होते. हात थांबवून म्हणाले, “डॉक्टर ह्याला सांगतो, आत्ता औषधाची गरज नाय, सहा महिन्यांनी तपासून जा. डॉक्टर बरोबर बोलतो. पण हा घरी जाऊन सहा महिने काय करंल? तुला सांगू? घाबरंल. घाबरला की दारू पिईल, नायतर भगताकडं जाऊन कोंबडं कापंल, नायतर तो फटफटीवरचा सुईवाला गाठंल. एकाच सुईनं आख्खी वाडी टोचतो तो मुडदा. सुईनंच तर आला ना हा रोग? मी त्याला काम देतो. झाड ओळख, पाणी घाल, रोज सकाळी रस काढून पी, कडू लागला तर तोंड वाकडं कर. तेवढे सहा महिने तो माझ्या नजरेखाली राहतो.”

हे खरं होतं. परीक्षेत पास झाल्यावरही औषधाच्या अटी संपत नसत. दारू बंद. न्हाव्याकडे दाढी करायची तर नवं पातं. घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी, आणि ज्यांना लागण नाही त्यांना लस टोचल्याची चिठ्ठी. वणीच्या नारळवाल्या बाईने सुनेला लस द्यायला टाळाटाळ केली, तर मामांनी तिच्या हातातलं रोप काढून घेतलं. “आधी सुनेची सुई, मग सासूचं झाड.” बाई बडबडत गेली आणि पंधरवड्याने सुनेलाच घेऊन आली.

बाजारातल्या चूर्णांवर त्यांचा फार राग. ‘अठरा वनस्पतींनी युक्त’ अशी डबी कुणी दाखवली की म्हणत, “अठरा जणांचं खटलं एका डबीत कोंबलंय. आत कोण कोणाचा गळा धरतंय, देवाला ठाऊक. ह्यानंच बिघडायचं लिव्हर.” मग ती डबी कालव्यात न टाकता मातीत पुरत. “माशांनी काय वाकडं केलंय?”

मी कॉलेज सोडलं, एका साप्ताहिकात लागले. त्याच सुमारास बाबांना रक्तपेढीचं पत्र आलं. बाबा नियमाने रक्तदान करायचे, चळवळीच्या प्रत्येक शिबिरात पहिले. पत्रात लिहिलं होतं की यापुढे आपण रक्तदान करू नये आणि डॉक्टरांना भेटावं.

“मी मुंबईच्या पलीकडे गेलो नाही,” बाबा म्हणाले, “आणि मला ऑस्ट्रेलिया कुठून झाली?”

विनोद तेवढ्यावरच संपला. डॉक्टर म्हणाले, आत्ता यकृताला सूज नाही, दर सहा महिन्यांनी तपासा. बाबांनी घरी येऊन आपलं ताट, वाटी, पेला वेगळा केला. आई म्हणाली, “अहो, डॉक्टर म्हणाले ना, जेवणाने होत नाही?” बाबा वेगळ्याच ताटात जेवत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचा भ्रम काढणारा माणूस स्वतःच्या घरात अस्पृश्य होऊन बसला होता. मला त्यांचा संताप येत होता आणि रडूही येत होतं.

शेवटी मी मामांकडे गेले. तत्त्वाचं काय, असं मला कोणी विचारू नये. मी स्वतःलाही विचारलं नाही.

“त्यांना इथं आण,” मामा म्हणाले. “ताटाचं मी बघतो.”

बाबा आले, पण अपराध्यासारखे.  मामांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून बाबांच्या पुढे केला, उरलेला आपण प्यायले. मग बाबांनी दोन घोट घेऊन खाली ठेवलेली उष्टी बशीही ओढून घेतली आणि तीही प्यायले. “हं. झाली का मला? ओळखा आता, कंपोझिटर.”

बाबा तीन रविवार नापास झाले. दरवेळी लाल देठाची उचलायचे, कारण ती जास्त ठसठशीत दिसते. बाबांना हे फार लागलं. चौथ्या रविवारी त्यांनी तिन्ही रोपं उचलून उलटी धरली. कंपोझिटरला खिळ्यांवरची अक्षरं उलटीच वाचायची सवय. पानांच्या खाली फळांची रांग असते. लाल देठाच्या फळांना खरखर, हिरव्या देठाची फळं गुळगुळीत. चिंचेला तर फळच नाही. बाबांनी खालून बोट फिरवलं आणि हिरवी उचलली.

मामा ओरडलेच, “अरे! हा पहिला माणूस, ज्यानं झाड वाचलं!”

त्या दिवशी बाबा आमच्या ताटात जेवले. घराच्या मागच्या दारी त्यांनी तुटक्या कुंड्यांमध्ये भुईआवळी लावली. सकाळी रस काढायचा, तोंड वाकडं करायचं, सहा महिन्यांनी रिपोर्ट. पाचेक वर्षं अशी बरी गेली. छापखान्यात संगणक आला आणि बाबांचे खिळे भंगारात गेले, तेव्हा रविवारची मामांची खोली हाच त्यांचा आधार होता.

मग एका रिपोर्टमध्ये सूज दिसली. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, सांगितल्याशिवाय बंद करायची नाही. गोळीने सूज उतरली. मामांनी रिपोर्ट पाहून मान डोलावली. “गोळी मालक, झाड गडी. गडी सुट्टीवर गेला तर चालंल. मालक नाय गेला पायजे.”

पण आमच्या घरात वेगळंच शिजत होतं. बाबा दोन्ही घेत होते आणि बरे होते. मग बरं कशाने वाटतंय? आमच्यासारख्या घरात हा प्रश्न नुसता पडून राहत नाही. बाबा म्हणाले, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम. झाड ठेवायचं, गोळी थांबवायची. तीन महिने. काही झालं नाही तर झाडाचा गुण. झालं तर तेही लिहू. लोकांना छातीठोक सांगता येईल.”

त्यांना अडवायला हवं होतं. मी काय केलं? मी वही आणून दिली. तारीख, वजन, भूक, लघवीचा रंग, असे रकाने आखून दिले. आईला आम्ही सांगितलं नाही, डॉक्टरांना नाही, मामांनाही नाही. सांगितलं तर निरीक्षणावर परिणाम होतो, असं माझं म्हणणं. पत्रकाचा मथळासुद्धा मी ठरवून ठेवला होता. अडाणी माणूस अशी चूक करत नाही. अशी चूक करायला आमच्याइतकं वाचन लागतं.

तिसऱ्या महिन्यात बाबांची भूक गेली. मग डोळे पिवळे झाले. आम्ही रक्त तपासलं. एसजीपीटीचा, म्हणजे यकृताच्या सुजेचा, आकडा मी दोनदा वाचला, कारण मला वाटलं टायपिंगची चूक आहे. तो कागद घेऊन मी पळत कालव्याकाठी गेले. तेव्हा मामा निवृत्त झाले होते, पण शेजारच्याच वस्तीत खोली घेऊन राहिले होते.

मामांनी रिपोर्ट पाहिला. “गोळी?”

मी सगळं सांगितलं. प्रयोग, वही, रकाने.

 मामांनी चपला घातल्या आणि माझ्या आधी चालायला लागले. इतक्या वर्षांत आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. आत आले, बाबांकडे न बघता सरळ मागच्या दारी गेले आणि कुंड्यांतली भुईआवळी मुठीमुठीने उपटायला लागले. सगळी. हिरव्या देठाची, जी त्यांनी बाबांना ओळखायला शिकवली होती ती.

बाबा भिंतीला धरून उभे राहिले. “मामा, अहो, काय करताय?”

“गप बस!” मामा त्यांना नेहमी अहो-जाहो करायचे. “एकच गोष्ट बदलायची ना तुला? ही बदल. ही बंद. आजपास्नं तुला झाड नाय.”

“अहो, पण प्रयोग...”

“कोणावर? उंदरावर केला असता तर त्यानं तरी चावून पळ काढला असता. तू वही धरून बसला!” मग माझ्याकडे वळले. “आणि तू. माझ्या आत्याला अक्षर येत नव्हतं, पत्रक. तुला कोणतं कारण?”

मला कोणतंच नव्हतं. अजूनही नाही.

रिक्षा करून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर रागावले, बाबांना दाखल केलं, गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. यकृत किती साथ देतं ते बघावं लागेल, एवढंच म्हणाले. मामा बाकावरून उठून त्यांच्यापुढे उभे राहिले, प्रयोगशाळेत प्राध्यापकांपुढे राहत तसे, हात पुढे बांधून.

“झाड मी दिलं व्हतं, साहेब. लिहून घ्या.”

“तुम्ही गोळी बंद करायला सांगितलं होतं?”

“नाय.”

“मग तुमचा काय दोष?”

“झाड हाय म्हणून गोळी सोडता येईल, असं ह्याला वाटलं. ते वाटणं माझ्या दारात उगवलं, साहेब.”

 डॉक्टर म्हणाले, “बसा, मामा.” आणि मामांसाठी खुर्ची मागवली.

बाबा बारा दिवस दवाखान्यात होते. मामा रोज यायचे. बाबांशी बोलायचे नाहीत. माझ्याकडून रिपोर्ट घ्यायचे, दोरा कानाला गुंडाळून वाचायचे आणि परत द्यायचे. आईला मात्र धीर द्यायचे, “वहिनी, आकडा कालच्यापेक्षा खाली हाय. खोटं सांगत नाय. वर असता तर वर सांगितला असता.” आकडा हळूहळू उतरत राहिला. डोळ्यांतला पिवळेपणा सगळ्यात शेवटी गेला.

बरे होऊन तीनेक महिन्यांनी बाबा रविवारी त्यांच्याकडे गेले. मी सोबत होते. सकाळी गोळी घेऊन निघाल्याचं बाबांनी दारातच सांगितलं, कुणी न विचारता. मामांनी सरकून चटईवर जागा केली. झाडाचं नाव कुणी काढलं नाही. त्या दिवसानंतर बाबांनी भुईआवळीचा एक थेंबही घेतला नाही. तरीही दर रविवारी ते जात राहिले आणि दोघं दुपारपर्यंत बसायचे. कांद्याचे भाव, पेठचा पाऊस, कोणाच्या सुनेने लस घेतली, काहीही.

पण माणसाची खोड जात नाही. एकदा बाबा बराच वेळ चुळबुळ करत होते. शेवटी म्हणाले, “मामा, रागावणार नसाल तर एक विचारू? प्रयोग अर्धाच झाला. गोळीने गुण येतो, हे कळलं. भुईआवळीने येतो की नाही, ते काही कळलं नाही.”

 मामांनी चष्मा काढला, बाबांकडे एकदा नीट पाहिलं.

“मला तरी कुठं कळलंय?” ते म्हणाले. “तीस वर्षं झाली देतोय.”

आणि दोघं इतके हसले, इतके हसले की रांगेतला एक नवीन माणूस घाबरून मला विचारायला लागला, “ताई, औषध इथंच मिळतं ना?”